वासराच्या वाटणीचं

"आधी खाऊन घे, मंग रक्त काढजो," गिरजामाय म्हणाली आणि खरवसाची वाटी तिनं माझ्या पुढ्यात ठेवली.

"माय, आधी वासरं. पेटीतला बर्फ वितळतोय."

"वितळू दे. गोदी परवाच व्याली, तवाच म्या ठरवलं होतं, डाक्टरीणबाई येईन तर तिच्यासाठी चीक ठेवाचा. आता तू नाई म्हणशीन तर मी रुसीन."

मी खाल्लं. खाण्याच्या बाबतीत मी आढेवेढे घेणाऱ्यांतली नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तर मुळीच नव्हते. गुळाचा, वेलदोडा घातलेला, सुरीनं वड्या पडाव्यात इतका घट्ट जमलेला खरवस. एक वाटी संपल्यावर दुसरी कधी संपली ते कळलं नाही. गिरजामाय समोर उकिडवी बसून माझं खाणं बघत होती. तिला मूलबाळ नव्हतं. बारा गाई होत्या, आणि त्या वर्षी त्यांच्यात माझी भर पडली होती.

उमरखोरी ही डोंगरातली गवळ्यांची वस्ती. पंचवीसेक घरं, आणि माणसांच्या चौपट पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाई. मी जनावरांची डॉक्टर, पीएच.डी.साठी लशीवर काम करत होते. तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर येत असे. मागे बर्फाची पेटी सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेली, आणि खिशात वासरांच्या कानात मारायचे नंबरचे बिल्ले. वासरू जन्मल्याचा निरोप आला की दोन दिवसांत जाऊन त्याला बिल्ला मारायचा, सहा आठवड्यांनी लस द्यायची, आणि मग महिन्यानं व तीन महिन्यांनी रक्त घ्यायचं. त्या दिवशी तीन महिन्यांचं, म्हणजे शेवटचं रक्त होतं.

माझ्या लशीत काय आहे, हे सुरुवातीला गिरजामायनंच विचारलं होतं. घटसर्पाची लस तिला ठाऊक होती, दरसाल सरकारी डॉक्टर टोचून जात. "मंग तुह्या सुईत नवं काय हाय वं?"

मी तिला सांगितलं होतं की वासराला आईकडून रोगाशी लढायचं बळ मिळतं. ते अंगात असेपर्यंत वासराचं शरीर लशीकडे ढुंकून बघत नाही. हळूहळू ते बळ विरतं, लस तर लागलेलीच नसते, आणि घटसर्प नेमका तेव्हा गाठतो. आता, शरीरात ज्या लढणाऱ्या पेशी असतात, त्या एकमेकींना निरोप धाडतात. तो निरोप म्हणजे एक बारीकसं प्रथिन असतं. आम्ही तसं प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून लशीत मिसळलंय. लस म्हणते, हा बघ शत्रू. निरोप म्हणतो, झोपू नकोस, ऊठ.

गिरजामाय म्हणाली होती, "म्हंजे आईच्या कुशीतल्या लेकराले उठवाची हाक."

पुढे मी अनेक परिषदांत भाषणं केली, पण याहून नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

आणि हाक लागली होती. उमरखोरीच्या सव्वीस वासरांना निरोपाची लस दिली होती, त्यांतल्या चोवीस जणांच्या रक्तात महिन्यानंतर भरपूर प्रतिकारशक्ती सापडली. तिकडे बोरधारण नावाच्या दुसऱ्या वस्तीत अठ्ठावीस वासरांना साधी लस दिली होती, त्यांतल्या फक्त पाचांत ती सापडली. आकडे बघून आमचे देवतळे सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. बारा वर्षं त्या प्रथिनाच्या मागे लागलेले, कौतुक करणं स्वभावात नसलेले. त्या दिवशी मात्र म्हणाले, "वैरागडे, तू सोनं आणलंस." येत्या सोमवारी समिती बसणार होती. तिच्यापुढे हे आकडे गेले की पुढच्या वर्षी दहा तालुक्यांत लस द्यायची परवानगी मिळणार होती. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. तीही वाढणार होती.

रक्त काढून झालं. निघताना गिरजामायनं खरवसाचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. "तुह्या सरांसाठी." रिकाम्या गोठ्याच्या कोपऱ्याकडे बघत ती म्हणाली, "चांदीचं वासरू रायलं असतं तर त्याचंबी रक्त घेतलं असतं ना वं तुनं?"

चांदीचं वासरू आठव्या दिवशी हगवणीनं गेलं होतं. बिल्ला मारलेला होता, लस व्हायची होती. वस्तीत अशी दोन गेली. मी वहीत लिहिलं होतं: लशीपूर्वी मृत्यू, नोंदीतून वगळले.

"घेतलं असतं, माय," मी म्हणाले.

बोरधारणला पोचायला मला तास लागला. खरं सांगायचं तर त्या वस्तीवर जायचा मला कंटाळा होता. तिथले गोमाजीबाबा सत्तरीचे, वस्तीतले कर्ते. माणूस सज्जन, पण हात आखडता. कधीही जा, समोर काळा चहा आणि मूठभर फुटाणे. गोठ्यात तीस गाई आणि पाहुण्याला बिनदुधाचा चहा! मी मनातल्या मनात त्यांचं नाव फुटाणेबाबा ठेवलं होतं.

त्या दिवशीही फुटाणेच आले. माझ्या पोटात दोन वाट्या खरवस होता, त्यामुळे मला चेष्टा सुचली. डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "घ्या बाबा. उमरखोरीचा आहे. तुमच्याकडे इतक्या गाई व्याल्या, पण खरवस काही मला कधी मिळाला नाही."

बाबांनी डब्यात पाहिलं आणि हात मागे घेतला.

"आमच्यात खात नाई जी."

"का? काही व्रत आहे?"

"व्रत नाई. गाय व्याली का पाच दिवस तिले आम्ही हात लावत नाई. तिचं लेकरू जाणे आन् ती जाणे. सहाव्या दिवशी गडवा घेऊन बसाचं." त्यांनी डब्यातली वडी बोटानं हळूच दाबून पाहिली. "अस्सा घट्ट म्हंजे पयल्या धारेचा हाय हा. वासराच्या तोंडातला."

"नाही हो बाबा, वासरू पिऊन उरलेला असेल."

बाबा हसले, माझ्यावर नव्हे, पण हसले. "तुमी डाक्टर हा जी. गवळाऊ गाय पयल्या दिवशी देऊन देऊन किती देईन? उरते कुठं?"

मी एक फुटाणा तोंडात टाकला होता. तो चावायचा राहिला.

वासराला आईचं बळ पोटात असताना मिळत नाही. ते चिकातून मिळतं, आणि पहिल्या काही तासांतच. दिवस उलटला की वासराचं आतडं ते आत घेईनासं होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि उमरखोरीत ओट्यावर उभी राहून भाषणात सांगितलंही होतं. बायकांनी माना डोलावल्या होत्या. त्याच भाषणाच्या शेवटी, सगळ्यांना जरा मोकळं वाटावं म्हणून, मी म्हणाले होते, "पण खरवस मला फार आवडतो हं!" सगळ्या खळखळून हसल्या होत्या.

त्यानंतर ज्या ज्या घरी वासराला बिल्ला मारायला गेले, त्या त्या घरी वाटी तयार होती. सव्वीस वासरं, सव्वीस वाट्या. नव्हे, गेलेली दोन धरून अठ्ठावीस. पहिली धार पाहुणीसाठी काढायची आणि मग वासरू सोडायचं. त्या भागात ही काही रोजची रीत नव्हती. रीत माझ्यासाठी पडली होती. एका घरानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं, आणि मी प्रत्येक घरी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

बोरधारणच्या वासरांचं रक्त मी कसं काढलं ते मला आठवत नाही.

परतल्यावर मी घरी न जाता थेट प्रयोगशाळेत गेले. लस देण्याआधी प्रत्येक वासराचं रक्त घेतलेलं होतं. तपासणीचे संच त्या वेळी अपुरे आले होते, म्हणून सर म्हणाले होते की लशीनंतरचं रक्त आधी तपासू, आधीचं नंतर बघू. मग निकाल इतका झकास लागला की आधीचं बघायची आठवण कुणालाच राहिली नाही. त्या नळ्या फ्रीजरच्या तळाशी पडून होत्या. त्या रात्री मी त्या शोधून ठेवल्या आणि शुक्रवारी सकाळी तपासणीला बाहेर काढल्या. हातमोजे दोनदा बदलले. तपासावं की नाही, असा विचार मनात आलाच नाही, असं म्हणाले तर ते खोटं ठरेल. आला. सोमवार संपू दे, मग तपासू, असाही आला. त्या विचाराची मला शिसारी आली आणि मी कामाला लागले.

दुपारी चार वाजता आकडे हातात होते. बोरधारणची वासरं आईच्या बळानं काठोकाठ भरलेली. उमरखोरीची जवळजवळ कोरी. कोऱ्या वासराला साधी लससुद्धा लागली असती. आम्ही निरोपाची परीक्षा घेतलीच नव्हती. हाक कुशीतल्या लेकराला द्यायची होती. मी त्याला आधी कुशीतून ओढून काढलं होतं.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे कसं झालं?"

मी सांगितलं. वाट्यांसकट.

सरांनी कागद उलटा ठेवला. मग म्हणाले, "प्रथिन निकामी आहे, असं यातून सिद्ध होत नाही."

"नाही, सर. चालतं, असंही होत नाही."

"सोमवारी लशीनंतरचे आकडे देऊ. हे तळटीपेत टाकू. पुढच्या टप्प्यात सुधारणा करू."

"पुढच्या टप्प्यात दहा तालुक्यांतली वासरं आहेत, सर. त्यांचे मालक आपल्या भरवशावर सरकारी लस घ्यायचे थांबतील. लस लागली नाही तर?"

"तुझी फेलोशिप मार्चला संपते. पुढचा विणीचा हंगाम दिवाळीनंतर. मधे काय करशील?"

"माहीत नाही."

"आणि एका वस्तीला एक लस, दुसरीला दुसरी, ही आखणी माझी होती. तुझी नव्हे." हे मात्र ते हळू बोलले.

हेही खरं होतं. एकाच गोठ्यात दोन लशी दिल्या तर मालक भांडतील, शिवाय स्कूटीवर एकच पेटी मावते, म्हणून आम्ही वस्त्या वाटून घेतल्या होत्या. सोय बघितली होती. पण वाट्या मी खाल्ल्या होत्या.

"सर, तुम्ही नाही म्हणालात तरी सोमवारी मी उभी राहून सांगणार आहे," मी म्हणाले. आयुष्यात त्यांना असं मी पहिल्यांदाच बोलले.

सोमवारी समितीपुढे मी उभी राहिले आणि सांगितलं की आमचे आकडे वापरण्याजोगे नाहीत. एका वयस्कर सदस्यांनी विचारलं, "कारण?"

"खरवस," मी म्हणाले.

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत मी थांबले. मग दोन वस्त्यांचे लशीआधीचे आकडे पडद्यावर दाखवले. मी आणखी एक हंगाम मागितला. समितीनं लशीचे डोस मंजूर केले, फेलोशिप नाही. नव्या हंगामाच्या अर्जावर जबाबदार व्यक्ती म्हणून सही कुणाची, असा प्रश्न आला तेव्हा मागच्या रांगेतून देवतळे सर म्हणाले, "माझी."

हे सगळं सोपं होतं. अवघड काम उमरखोरीत होतं.

गिरजामाय गोवऱ्या थापत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. चिकात काय असतं, पहिले काही तास का महत्त्वाचे, मी ते माहीत असून विचारलं कसं नाही. आणि शेवटी चांदीच्या वासराचं सांगितलं. हगवण नुसती हगवण नसते, चीक न मिळालेल्या वासराला ती सोडत नाही.

गिरजामायचे हात शेणात तसेच राहिले.

"म्हंजे म्याच मारलं त्याले."

"नाही, माय. तू मला दिलंस. मी खाल्लं. मी डॉक्टर आहे."

"तू सांगतलं होतं ना वं, वासराले पाजा म्हून." तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला. "म्या म्हटलं, पाहुणी रोज थोडी येते! एक वाटीनं काय होते! आन् तुले तरी लाज नाई वाटली इतकं खाताना?"

"तेव्हा नाही वाटली. आता वाटते."

तिनं तोंड फिरवलं. मी बसून राहिले. शेवटी तिनं एक गोवरी भिंतीवर जोरात थापली.

"मंग आता काय करतं?"

"पुन्हा करायचं. दिवाळीनंतर, पहिल्यापासून. दोन्ही वस्त्यांत दोन्ही लशी. कोणत्या वासराला कोणती, ते चिठ्ठी ठरवेल. मलासुद्धा माहीत नसेल, सरांच्या कपाटात बंद असेल."

"आन् चीक?"

"सगळा वासराचा."

"तुह्या तोंडावर माहा भरवसा नाई," गिरजामाय म्हणाली. "म्याच पायते आता."

तिनं पाहिलंही. मधले महिने मी एका दूध संघाच्या दवाखान्यात बदली डॉक्टर म्हणून काम करून काढले. दिवाळीनंतर गाई व्यायला लागल्या तेव्हा उमरखोरीत नवा नियम झाला होता. गाय व्याली की गिरजामायला आधी निरोप. ती येऊन उभी राहणार, वासरू उठून आचळाला लागेपर्यंत हलणार नाही. कुणाच्या हातात गडवा दिसला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. एका सुनेनं पाहुण्यांसाठी म्हणून लोटाभर चीक काढला, तर माय तिच्या घरापुढे उभी राहून इतकी ओरडली की पाहुणेच उठून गेले. आणि मला? मला काळा चहा आणि फुटाणे. गोमाजीबाबांना हे कळलं तेव्हा ते आनंदानं म्हणाले, "आता कशी गवळ्यावानी वागून रायली ती वस्ती!" मी त्यांचं ठेवलेलं नाव मनातल्या मनात परत घेतलं.

त्या हंगामात उमरखोरीत हगवणीनं एकही वासरू गेलं नाही. हे आमच्या प्रयोगाचं यश नव्हतं, प्रबंधात त्याला जागाही नव्हती. तरी मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

निकालाच्या दिवशी सरांनी कपाट उघडलं आणि चिठ्ठ्यांची यादी माझ्या आकड्यांशेजारी ठेवली. साधी लस मिळालेल्या तीस वासरांपैकी आठांना ती लागली होती. निरोपाची लस मिळालेल्या एकतीस जणांपैकी सतरांना. गेल्या वर्षीच्या चोवीसपुढे हे सतरा बिचारे दिसत होते. पण ही सतराही वासरं आईचा चीक पोटभर प्यायलेली होती, आणि तरी त्यांनी हाक ऐकली होती. सर खुर्चीतून उठले नाहीत. नुसते म्हणाले, "हे टिकेल." मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सांगायला उमरखोरीला गेले. गोठ्यात चांदी उभी होती, शेजारी तिचं नवं वासरू. नऊ दिवसांचं, पांढरंफेक, पाठ गुबगुबीत. ते प्रयोगातलं नव्हतं, हंगाम संपल्यावर झालेलं. माझ्याकडे बघून त्यानं एक उडी मारली आणि पुन्हा आईच्या पोटाखाली घुसलं.

"सतरा," मी म्हणाले.

"बरे हाय ना?"

"खरे आहेत, माय."

ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. वासावरून मला कळलं. मी दोन पावलं मागे सरले.

"माय, नको."

"घे. चांदीचंच हाय. सातव्या दिवसाचं दूध, तेबी हे पोट्टं पिऊन तोंड फिरवून गेलं मंग काढलं. गूळ घातला, वेलदोडा घातला, दोनदा वाफवलं." तिनं वाटी माझ्या हातात दिली आणि पदरानं हात पुसले. "जमला नाई मेला."

जमणार नव्हताच. सातव्या दिवशी चीक उरत नाही, नुसतं दूध असतं, ते कितीही वाफवा, वडी धरत नाही. वाटी तिरकी केली तशी आतलं गोड दूध काठापर्यंत आलं.

चमचा लागणार नव्हता. मी वाटी तोंडाला लावली आणि गिरजामायचा तो न जमलेला खरवस शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.